दोन देशांचा मुलगा : जोझे आल्ताफिनीच्या उमेदीची वर्षे

संत पौल तार्सस नगरीचा. वंशाने इब्री, धर्मशास्त्र शिकला यरुशलेमेत गमालिएलाच्या चरणांशी, आणि जन्मानेच रोमन नागरिक. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात हे नागरिकत्व पुन्हा पुन्हा पुढे येते. फिलिप्पै येथे फटके खाल्ल्यावर तो आपण रोमन असल्याचे सांगतो, यरुशलेमेत फटके बसण्याआधी सांगतो आणि अखेरीस त्याच हक्काने कैसराकडे दाद मागतो. आपण इब्री आहोत हे मात्र तो कधी लपवीत नाही. दोन नाती एकाच देहात सुखाने नांदू शकतात, हे त्याच्या चरित्रात दिसते. अशा माणसाला सुखाने नांदू देणे इतरांना कठीण जाते, हेही तेथेच दिसते.

हाच प्रश्न विसाव्या शतकात फुटबॉलच्या मैदानावर उभा राहिला. ब्राझीलमध्ये जन्मलेला, इटालियन रक्ताचा एक मुलगा एकोणिसाव्या वर्षी ब्राझीलकडून जगज्जेत्या संघात होता. तेविसाव्या वर्षी तो इटलीकडून विश्वचषक खेळला आणि चोविसावा वाढदिवस उजाडण्यापूर्वी दोन्ही देशांच्या संघांचे दरवाजे त्याला बंद झाले. त्याचे नाव जोझे आल्ताफिनी. त्याच्या पहिल्या सात-आठ वर्षांची हकीकत फुटबॉलच्या शौकिनांपुरती नाही. ज्या घरांतील मुले परदेशी वाढत आहेत, त्या घरांनीही ती जाणून घ्यावी अशी आहे.

कॉफीचे मळे आणि एक बिशप

१८८८ साली ब्राझीलने गुलामगिरी रद्द केली. साओ पावलो प्रांतातील कॉफीच्या मळ्यांना मजूर हवे होते. त्याच सुमारास उत्तर इटलीतील खेडी दारिद्र्याने गांजलेली होती. प्रांतिक सरकारने जहाजाचे भाडे भरण्याची तयारी दाखविली आणि कुटुंबेच्या कुटुंबे निघाली. पन्नास वर्षांत दहा लाखांहून अधिक इटालियन ब्राझीलच्या किनाऱ्यावर उतरले. साओ पावलो शहरात त्यांच्यासाठी मोठे स्थलांतरितगृह उभारले होते. तेथे काही दिवस काढून ते मळ्यांवर जात. मळेवाल्यांची वागणूक आणि कराराच्या अटी अशा होत्या की १९०२ मध्ये इटलीच्या सरकारला फुकट भाड्याच्या या स्थलांतरावर बंदी घालावी लागली.

या लोकांची चिंता वाहणाऱ्यांमध्ये पिआचेन्झाचे बिशप जोव्हान्नी बात्तिस्ता स्कालाब्रिनी हे अग्रणी होते. आपल्या धर्मप्रांतातील माणसे अशी निघून जाताना पाहून त्यांनी १८८७ साली स्थलांतरितांच्या सेवेसाठी धर्मगुरूंचा एक संघ स्थापन केला. १९०४ मध्ये, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, ते स्वतः ब्राझीलला गेले आणि मळ्यांतील आपल्या लोकांना भेटले. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. पोप फ्रान्सिस यांनी ९ ऑक्टोबर २०२२ रोजी त्यांना संतपद दिले. नव्या देशात गेलेल्या माणसाची श्रद्धा त्याच्या भाषेशी आणि घराच्या आठवणींशी बांधलेली असते, हे ओळखून त्यांनी आपले धर्मगुरू पाठविले होते.

ऊस आणि साखरेसाठी प्रसिद्ध असलेले पिरासिकाबा हे साओ पावलो राज्यातील गाव. त्याच्या परिसरात त्रेंतिनो प्रदेशातून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी सांता ओलिंपिया आणि सांताना या वस्त्या वसविल्या. याच पिरासिकाबात २४ जुलै १९३८ रोजी आल्ताफिनीचा जन्म झाला. त्याचे आई आणि वडील दोघेही इटालियन स्थलांतरितांच्या वंशातले. कायदा मोठा मजेशीर होता. ब्राझीलच्या भूमीवर जन्मला म्हणून तो ब्राझिलियन. इटलीच्या १९१२ च्या कायद्याने मात्र इटालियन बापाचे मूल परदेशात जन्मले आणि तेथील नागरिक झाले, तरी ते इटालियनच राहत असे. एक देश मातीवरून माणूस मोजीत होता, दुसरा रक्तावरून. बाळाला यातले काही ठाऊक नव्हते, पण दोन देशांच्या दफ्तरांत त्याला जागा होती.

नाव बदललेला क्लब

आल्ताफिनीचे बालपण इटालियन असणे अवघड झालेल्या काळात गेले. अध्यक्ष व्हार्गास यांच्या राजवटीत परभाषांतील शाळांवर निर्बंध आले. १९४२ मध्ये ब्राझील महायुद्धात मित्रराष्ट्रांच्या बाजूने उतरला, तेव्हा इटालियन, जर्मन आणि जपानी या भाषा चारचौघांत बोलणेही धोक्याचे झाले.

साओ पावलोतील इटालियनांनी १९१४ साली ‘पालेस्त्रा इतालिया’ नावाचा क्लब काढला होता. युद्धामुळे शत्रुराष्ट्राचे नाव लावण्यास मनाई झाली आणि १९४२ च्या एकाच वर्षात क्लबला दोनदा नाव बदलावे लागले. अखेरचे नाव ‘पाल्मेइरास’. २० सप्टेंबर १९४२ रोजी या नावाने संघ प्रथमच मैदानात उतरला तो ब्राझीलचा राष्ट्रध्वज हाती धरून. आपण परके नाही, हे सामन्याआधी सिद्ध करावे लागले. सामना त्या वर्षीच्या अजिंक्यपदाचा होता आणि पाल्मेइरासने तो जिंकला.

याच क्लबात १९५६ मध्ये आल्ताफिनी दाखल झाला. त्याआधी तो गावच्या संघातून खेळत होता. अंगाने भक्कम, दोन्ही पायांनी चेंडू मारणारा, गोलाच्या तोंडाशी थंड डोक्याचा असा हा सेंटर फॉरवर्ड होता. क्लबात आला तेव्हा तो सतरा-अठरा वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, तो ब्राझीलच्या राष्ट्रीय संघातून खेळला.

उसने नाव

ब्राझीलमध्ये खेळाडूला टोपणनावानेच ओळखण्याची रीत आहे. आल्ताफिनीला लोकांनी ‘मात्सोला’ म्हणावयास सुरुवात केली. हे नाव इटलीच्या एका दिवंगत खेळाडूचे होते.

व्हालेंतिनो मात्सोला हा तोरिनो संघाचा कप्तान. युद्धकाळात आणि युद्धानंतरच्या वर्षांत तोरिनोने सलग पाच वेळा इटलीचे अजिंक्यपद मिळविले. १९४८ मध्ये हा संघ ब्राझीलचा दौरा करून साओ पावलोतही खेळून गेला होता. ४ मे १९४९ रोजी लिस्बनमधील सामना आटोपून परतताना दाट धुक्यात त्यांचे विमान तुरीनजवळच्या सुपेर्गा टेकडीवरील बॅसिलिकेच्या मागच्या तटाला धडकले. आतील ३१ जणांपैकी एकही वाचला नाही. पवित्र मारियेच्या नावाने उभारलेल्या त्या मंदिराच्या पायथ्याशी इटलीने आपला सर्वोत्तम संघ गमावला. तेथे आजही माणसे प्रार्थनेसाठी जातात.

आल्ताफिनीचा चेहरा या मात्सोलाशी मिळताजुळता होता. साओ पावलोच्या इटालियन वस्तीला एक हरवलेला माणूस या पोरात पुन्हा दिसला. ब्राझीलच्या संघातही तो ‘मात्सोला’ याच नावाने खेळला. इटलीत गेल्यावर हे नाव त्याला ठेवता आले नाही. तेथे खऱ्या मात्सोलाची आठवण ताजी होती, आणि त्याचा मुलगा सांद्रो मिलान शहरातल्याच इंटर या संघात तयार होत होता. तेथे आपल्या बापजाद्यांच्या नावानेच ओळखले जाणे त्याला भाग पडले.

स्वीडन, १९५८

१९५८ च्या विश्वचषकासाठी ब्राझीलचा संघ इटलीमार्गे स्वीडनला गेला. वाटेत फिओरेंतिना आणि इंटर या दोन्ही संघांचा त्याने ४-० असा पराभव केला. इटालियन क्लबांना आल्ताफिनी प्रत्यक्ष पाहावयास मिळाला तो तेव्हा.

८ जून रोजी उद्देव्हाल्ला येथे ब्राझीलची सलामी ऑस्ट्रियाशी होती. ब्राझीलने ती ३-० अशी जिंकली. त्यातील दोन गोल एकोणीस वर्षांच्या आल्ताफिनीचे. तीन दिवसांनी इंग्लंडशी सामना झाला तो गोलशून्य बरोबरीत सुटला. विश्वचषकाच्या अंतिम स्पर्धेतील ही पहिली गोलशून्य बरोबरी. त्यानंतर रशियाविरुद्ध संघात बदल झाले. गारिंचा आणि सतरा वर्षांचा पेले संघात आले. आल्ताफिनीला बाहेर बसावे लागले. व्हाव्हा जायबंदी झाल्याने वेल्सविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात आल्ताफिनी पुन्हा खेळला. त्या सामन्यातील एकमेव गोल पेलेचा. पेलेचा तो विश्वचषकातील पहिला गोल होय. उपांत्य आणि अंतिम सामना आल्ताफिनीने बाहेर बसून पाहिला. २९ जून रोजी ब्राझील प्रथमच जगज्जेता झाला. जग पेलेचे नाव घेऊ लागले, आणि ज्याच्या दोन गोलांनी ही वाटचाल सुरू झाली होती तो मुलगा लोकांच्या आठवणीत मागे पडला.

बंद झालेले दार

त्याच उन्हाळ्यात मिलान संघाने त्याला विकत घेतले. १९५८-५९ या पहिल्याच हंगामात त्याने साखळी स्पर्धेत २८ गोल केले आणि मिलान इटलीचा विजेता झाला. २७ मार्च १९६० रोजी गावकीच्या सामन्यात त्याने इंटरविरुद्ध एकट्याने चार गोल केले. १९६१-६२ मध्ये मिलानने पुन्हा अजिंक्यपद मिळविले. त्या हंगामात २२ गोलांसह सर्वाधिक गोल करणाऱ्यांत तो बरोबरीने पहिला होता.

आल्ताफिनीने ब्राझील सोडून इटलीची जर्सी घातली, असे सर्रास सांगितले जाते. वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. त्या काळी परदेशी क्लबांत खेळणाऱ्यांना ब्राझील आपल्या राष्ट्रीय संघात घेत नसे. ही रीत बरीच वर्षे टिकली. अर्जेंटिनाचेही तेच. ओमार सिव्होरी, आंतोनिओ आंजेलिल्लो आणि उंबेर्तो मास्क्यो या तिघांनी १९५७ साली अर्जेंटिनाला दक्षिण अमेरिकेचे अजिंक्यपद मिळवून दिले आणि त्याच वर्षी ते इटलीत गेले. पुढच्या वर्षी विश्वचषकासाठी अर्जेंटिनाने त्यांना बोलाविले नाही आणि चेकोस्लोव्हाकियाकडून १-६ असा दारुण पराभव पत्करला. सारांश, मिलानच्या करारावर सही होताच आल्ताफिनीसाठी ब्राझीलचे दार बाहेरून लागले होते. पोटासाठी देश सोडला म्हणून ज्यांच्या आजोबांना कोणी दोष दिला नाही, त्यांच्या नातवाला त्याच कारणासाठी परके ठरविण्यात आले.

इटलीने मात्र दार उघडले. परदेशात जन्मलेल्या आपल्या वंशजांना इटालियन लोक ‘ओरिउंदी’ म्हणतात. त्यांना राष्ट्रीय संघात घेण्याची प्रथा जुनी होती. लुईस मोंती हा १९३० च्या विश्वचषकाचा अंतिम सामना अर्जेंटिनाकडून खेळला आणि १९३४ चा इटलीकडून. अशी उदाहरणे दुसरी नाहीत. पण या प्रेमाला अटी होत्या. १९३४ च्या विजेत्या संघातील एन्रिको ग्वाइता हा १९३५ साली, ॲबिसिनियाच्या युद्धासाठी आपल्याला सैन्यात भरती करतील या धास्तीने, दोन सहकाऱ्यांसह इटलीतून निसटला. जर्सी देणारा देश बंदूकही देऊ शकतो, हे त्याला उमगले असावे.

१५ ऑक्टोबर १९६१ रोजी आल्ताफिनी इस्रायलविरुद्ध इटलीकडून प्रथम खेळला आणि त्याने गोलही केला. मे १९६२ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियम या दोघांविरुद्ध त्याने प्रत्येकी दोन गोल केले. विश्वचषकाला निघालेल्या इटलीच्या आशा त्याच्यावर आणि त्याच्यासारख्यांवर होत्या. त्या संघात तो आणि आंजेलो सोर्मानी हे ब्राझीलचे, तर सिव्होरी आणि मास्क्यो हे अर्जेंटिनाचे.

सांतियागो

१९६२ ची स्पर्धा चिलीत होती. दोन वर्षांपूर्वीच, २२ मे १९६० रोजी, त्या देशाला मोजमाप झालेल्या भूकंपांतील सर्वांत मोठा धक्का बसला होता. तशा अवस्थेत त्याने जगाला घरी बोलाविले. इटलीच्या काही वार्ताहरांनी सांतियागो शहराच्या गरिबीची आणि तेथील लोकांची निंदा करणारे लेख लिहिले. ते चिलीच्या वृत्तपत्रांत पोहोचताच लोक संतापले.

पश्चिम जर्मनीशी इटलीची गोलशून्य बरोबरी झाली. २ जून रोजी गाठ पडली ती यजमान चिलीशी. खेळ सुरू होताच लाथाबुक्क्या सुरू झाल्या. इटलीच्या फेर्रिनीला पंच केन ॲस्टन यांनी आठव्या मिनिटाला बाहेर काढले. तो जाईना, तेव्हा पोलिसांना बोलवावे लागले. लिओनेल सांचेझच्या ठोशाने मास्क्योचे नाक मोडले. इटलीचा मारिओ दाव्हिद हाही बाहेर गेला. नऊ जणांच्या इटलीवर चिलीने ०-२ अशी मात केली. याच ॲस्टन यांनी पुढे पिवळ्या व लाल कार्डांची कल्पना मांडली आणि १९७० च्या विश्वचषकापासून ती अमलात आली.

आल्ताफिनी त्या दिवशी मैदानावर होता. इटलीच्या निळ्या जर्सीतील तो त्याचा अखेरचा सामना ठरला. स्वित्झर्लंडवरील ३-० या विजयात त्याला जागा नव्हती आणि तो विजय इटलीला पुढच्या फेरीत नेण्यास पुरेसाही नव्हता. १७ जून रोजी त्याच सांतियागोत ब्राझीलने दुसऱ्यांदा विश्वचषक उंचावला. अंतिम सामन्यातील एक गोल व्हाव्हाचा होता.

इटलीत पराभवाचे खापर ओरिउंदींवर फुटले. मे महिन्यात ज्यांचे रक्त अस्सल इटालियन होते, त्यांचे रक्त जूनमध्ये पातळ ठरले. पुढे आंतरराष्ट्रीय फुटबॉल संघटनेनेही नियम केला की एका देशाकडून खेळलेल्याने दुसऱ्या देशाकडून खेळू नये. नियमामागे तर्क होता. राष्ट्रीय संघ हे खरेदी-विक्रीचे क्लब होऊ नयेत, हे योग्यच. तथापि आल्ताफिनीची वाट त्याआधीच संपली होती. सहा सामने आणि पाच गोल एवढीच इटलीच्या दफ्तरात त्याची नोंद राहिली.

वेम्बलीची दुपार

क्लबाने मात्र त्याला टाकले नाही. २२ मे १९६३ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर मिलान आणि बेनफिका यांच्यात युरोपियन चषकाचा अंतिम सामना झाला. पहिला गोल बेनफिकाच्या युसेबिओचा. त्याचा जन्म पोर्तुगीज अंमलाखालील मोझांबिकचा. आपल्या अनेक गोवेकर कुटुंबांनी ज्या लोरेन्सो मार्केस बंदरात पिढ्या घालविल्या, त्याच गावचा हा मुलगा. उत्तरार्धात आल्ताफिनीने दोन गोल केले आणि मिलान युरोपचा विजेता झाला. त्या एका स्पर्धेत त्याने १४ गोल केले. पुढे जवळपास अर्धे शतक तो आकडा कोणाला गाठता आला नाही. त्या दिवशी पोर्तुगालचा मान आफ्रिकेत जन्मलेला तरुण राखीत होता आणि इटलीचा मान ब्राझीलमध्ये जन्मलेला. विजय मिळाल्यामुळे त्या रात्री आल्ताफिनीच्या जन्मगावाची चौकशी कोणी केली नाही.

त्यानंतर जवळजवळ चार दशके इटलीने आपल्या राष्ट्रीय संघात ओरिउंदी घेतले नाहीत. २००३ मध्ये अर्जेंटिनाचा माउरो कामोरानेसी आला आणि २००६ च्या जगज्जेत्या संघात खेळला. २०२१ मध्ये इटली युरोपची विजेती झाली तेव्हा मधल्या फळीत ब्राझीलमध्ये जन्मलेला जॉर्जिन्यो होता. आंतरराष्ट्रीय संघटनेनेही २००४, २००९ आणि २०२० मध्ये आपला नियम टप्प्याटप्प्याने सैल केला. कोवळ्या वयात खेळलेल्या एक-दोन सामन्यांनी आयुष्यभराचा निवाडा होऊ नये, हा त्यामागचा हेतू. उलट २०२५ मध्ये इटलीने रक्ताच्या नात्याने मिळणारे नागरिकत्व आई-वडील व आजी-आजोबांच्या पिढीपर्यंत आवळले. दारे उघडतात आणि मिटतात. पलीकडे उभ्या असलेल्यांना ती कधी मिटतील हे आधी कळत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न निराळ्या रूपात आहे. भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण व दीव येथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग मोकळा आहे, परंतु ते घेतले की भारतीय पारपत्र सोडावे लागते. मैदानावरही तोच नियम. जपानी आई आणि भारतीय वडील असलेला इझुमी अराता पुण्याच्या क्लबातून खेळत असे. भारताच्या संघात येण्यासाठी त्याने आपले जपानी नागरिकत्व सोडले आणि २०१३ मध्ये तो भारताकडून खेळला. कायद्यापुढे एकाची निवड करावीच लागते. त्याबद्दल तक्रार नाही.

पण कायदा जे मागतो, त्याहून अधिक आपण माणसे मागतो. वसई, मुंबई, गोवा येथील आपल्या धर्मग्रामांतून आखातात, इंग्लंडात, कॅनडात गेलेल्यांची नातवंडे सुट्टीत घरी येतात, तेव्हा आपण त्यांना अर्ध्या थट्टेने विचारतो, “काय रे, तू आमचा की तिकडचा?” मूल गोंधळते. ज्याच्या तोंडी आपली प्रार्थना आणि ज्याच्या पायांत परक्या मैदानाची माती आहे, त्याने यांपैकी काय खोटे ठरवावे? आल्ताफिनीने उद्देव्हाल्लात ब्राझीलसाठी दोन गोल केले, फ्रान्स आणि बेल्जियमविरुद्ध इटलीसाठी चार. या सहांपैकी एकही गोल अर्ध्या मनाने केलेला नव्हता.

संत स्कालाब्रिनींनी वृद्धापकाळी समुद्र ओलांडला आणि मळ्यांत जाऊन ते आपल्या माणसांना भेटले. त्यांनी कोणाची परीक्षा घेतली नाही. त्या मळ्यांतूनच पुढे पिरासिकाबाचा हा मुलगा आला. येत्या मे महिन्यात सुट्टीला नातवंडे येतील, तेव्हा तो प्रश्न न विचारता त्यांच्या हाती चेंडू द्यावा.